दप्तरावरचं नाव

आमच्या पोरी लय संशयी आहेत म्हणता? मंग हे ऐका. डोणगावच्या आमच्या शाळेत शहरातून एक मॅडम आल्या. नववीच्या पोरींले तासभर शिकवलं, मदत म्हणजे उपकार नाही, तुमचा हक्क आहे. मंग फोटोसाठी सगळ्यांच्या हातात नवी दप्तरं देली. पहिल्या बाकावरच्या प्रज्ञानं मार्कर काढला आन् दप्तरावर आपलं नाव लिहाले लागली.

"अगं, हे काय करतेस?" मॅडम दचकल्या.

"नाव टाकून राह्यली, मॅडम. मागच्या खेपेले एक साहेब आले होते. फोटो झाला आन् दप्तरं गाडीत वापस गेली."

"आम्ही तसे नाही हं!"

"मंग लिहू द्या ना."

मार्कर सगळ्या बाकांवर फिरला. तेवढ्यात मॅडमचा ड्रायव्हर दारातून म्हणाला, "मॅडम, आता पुढच्या शाळेत फोटोले काय न्याचं?"