ओठ मिटणारा शब्द

(डबिंगचा स्टुडिओ. काचेच्या आत माइकसमोर ती आणि तो. काचेबाहेर रेकॉर्डिंग करणारे काका.)

ती : छे, काका, हे पटतच नाही. सात वर्षं संसार केला आणि नवरा हेर आहे याचा बायकोला पत्ताच नाही? एवढी बावळट?

काका : बाई, तुम्ही तिला आवाज द्या. पटवून घ्यायला प्रेक्षक आहेत.

तो : मला पटतं. हेरगिरीसाठी लग्न केलं, पण पुढे जीव जडला. होतं असं.

ती : तुला पटणारच. चोराची बाजू तू नाही तर कोण घेणार?

तो : हळू. काका ऐकतायत.

ती : ऐकू देत. आपल्या लग्नात पंक्तीला होते, आता मोडतानाही असू देत.

काका : अहो, शेवटचा सीन उरलाय! ती विचारते, ‘त्या बाईकडे का जात होतास?’ हा म्हणतो, ‘ते कर्तव्य होतं.’ बसत नाहीये. पडद्यावर त्याचे ओठ शेवटी मिटतात आणि तुझं ‘होतं’ला तोंड उघडं. छोटं काहीतरी शोधा, ओठ मिटणारं.

तो : ‘कर्तव्य म्हणून गेलो, बाकी काही नाही’...

काका : अरे, छोटं म्हटलं ना!

ती : ‘फक्त काम.’

काका : वा! चपखल. कसं सुचलं हो?

ती : पाठ आहे. आठ वर्षं हेच ऐकलं. रविवारीसुद्धा. तुझ्या ‘त्या बाई’च्या घरून फोन केलास तेव्हाही, आणि मागे तिचा कुत्रा भुंकत होता.

तो : चुकलो म्हटलं ना! किती वेळा नाक घासू? ही सिनेमातली बघ, करते ना माफ?

ती : म्हणून तर खोटी वाटते. मागची सात वर्षं तिनं एकदाही उलगडून बघितली नाहीत? मी रोज बघते. कुठला वाढदिवस खरा, कुठला खोटा. माझी आई गेली तेव्हा रात्रभर माझ्या शेजारी बसला होतास. आता त्याचाही संशय येतो. तेवढं तरी माझ्यासाठी शिल्लक ठेवायचं होतंस रे.

तो : ते खरं होतं. आईशप्पथ.

ती : असेल. मला कसं कळणार आता?

काका : ...घेऊ या का टेक?

तो : ‘फक्त काम.’

ती : ‘माझा विश्वास आहे तुझ्यावर. चल, घरी जाऊ.’

काका : ओके! काय बोललात हो बाई! काटा आला अंगावर. अगदी खरं वाटलं.

तो : मलाही. ऐक ना... परवाची तारीख पुढे ढकलू या?

ती : अरे, हे फक्त काम. परवा अकराला कोर्टात ये. वेळेवर.