मुक्या खिंडीतला अबोला

या, सरकून बसा. कणसांचा ढीग हाय, हात थांबवू नका. कान तेवढे माझ्याकडं द्या. आणि पोरांनो, गप! चुळबुळ न्हाई, खुसुखुसू न्हाई. हां. आता ऐका.

आपल्या गावात तातोबा कासार होता. त्याची बायको गजराबाई. दोघं तट्टावर बांगड्यांच्या माळा लादून गावोगाव फिरायची. माझ्या आईच्या हातात बांगड्या भरता भरता गजराबाईनं ही गोष्ट सांगितली. मी आईला चिकटून बसलेलो. म्हणजे ऐकीव न्हाई, बरं का. जिच्यावर बेतली तिच्याच तोंडची.

तर त्या साली दोघांचा अबोला होता. का? तर पंचमीला गजराबाईचा भाऊ तिला माहेरी न्यायला आला. ती गेलेली ओढ्यावर. तातोबानं दारातनंच त्याला वाटंला लावलं. "आता जत्रांचे दिवस हायत, तिला सवड न्हाई." बिचारा लुगडं ठेवून गेला. तातोबा तिला काही बोलला न्हाई. लुगडंबी दडवून ठेवलं. चार दिवसांनी शेजारणीकडनं तिला कळलं.

भांडली? न्हाई हो! भांडली असती तर बरं झालं असतं. ती गप्प झाली. आता गप्प माणसं आपण बघतो. कुणी दमून गप्प असतं, कुणी सुखानं गप्प असतं. पण हे गप्प म्हणजे चुलीवर धोंडा ठेवल्यागत. बोलायचं झालं तर तट्टाशी बोलायची. "ए चिमण्या, कुणाला भूक असली तर भाकरी झालीया म्हणावं!" आणि तातोबा तट्टालाच म्हणायचा, "चिमण्या, कालवणात मीठ न्हाई, सांग बाबा." हसू नका. पंचमी गेली, दसरा गेला, दिवाळी गेली. घर असं सामसूम, की चिमण्या सणासुदीलाही हिरमुसलेला.

मग वाघजाईची जत्रा आली. धंदा चांगला झाला, पण निघायला अंधार पडला. तातोबा कंदील घेऊन पुढं, गजराबाई तट्टाचा कासरा धरून मागं. फाट्यावर आली. एक वाट सडकेनं, लांबची. दुसरी मुक्या खिंडीतनं, जवळची. त्या खिंडीला मुकी का म्हणतात ठाऊक हाय ना? तिथं रातकिडासुद्धा वाजत न्हाई. रात्रीचं तिथनं कुणी जायचं न्हाई, हे शेंबड्या पोराला ठाऊक.

तातोबाच्या मनात, ही म्हणंल सडकेनं चला. गजराबाईच्या मनात, हे इचारतील कुठनं जायचं. दोघंही तोंड उघडीनात! चिमण्याला घरची ओढ. तो वळला खिंडीकडं. आणि एका शब्दापायी दोघं त्याच्यामागनं चालू लागली. काय म्हणावं!

खिंडीच्या तोंडाशी रातकिडे एकदम थांबले. कुणी तोंडावर हात दाबावा तसे. वारा होता, झाडं हलत होती, पण पान वाजंना. तातोबानं मागं बघितलं. चिमण्याची मान हलतीय, गळ्यातली घुंगुरमाळ हलतीय, आणि आवाज? आवाज न्हाई! रान निवांत असतं तेव्हा माणसाला बरं वाटतं. हे निवांत नव्हतं. हे कुणीतरी दम धरून ऐकत होतं.

कोण? चकवा. त्याला स्वतःचा आवाज नसतो. तो दुसऱ्याचा उचलतो.

थोडं पुढं गेल्यावर तातोबाच्या कानावर आलं, "अवो..."

गजराबाईचा आवाज! पंचमीपासनं तट्टाशीच बोलणारी ती आज त्याला हाक मारत होती! तातोबाचं काळीज लोण्यासारखं झालं. "अवो, दमला असाल. इकडं या. इथं बसू या जरा." आवाज डावीकडनं येत होता. कंदिलाच्या उजेडात त्याला तिचं लुगडं दिसल्यासारखं झालं. गेला की हो तो वाट सोडून! डावीकडं काय हाय? दरी! सरळ तुटलेला कडा!

"या ना," आवाज म्हणाला. "रुसू नका माझ्यावर. माझं चुकलं."

तातोबा जागच्या जागी थांबला.

माझं चुकलं? तिचं काय चुकलं होतं? तो मनाशी म्हणाला, चूक तर माझी. हे ती कशी म्हणंल? जन्मात म्हणायची न्हाई! 

इकडं गजराबाईनं बघितलं, कंदील पार कड्याशी गेलाय. तिनं भावाची शपथ घेतली होती, आपण होऊन बोलायचं न्हाई. पण शपथ कुठली आणि काय कुठलं! ती जिवाच्या आकांतानं ओरडली, "अवो, डोळं फुटलं का तुमचं? माघारी फिरा! माझ्या भावाला दारातनं वाटंला लावलंत, आता मलाबी रानात टाकून निघालात व्हय?"

दोन गजराबाई! एक मधासारखी, "या ना, या." दुसरी शिव्या घालतीया. आता तुम्ही सांगा, तातोबा कुणाकडं गेला असंल?

शिव्यांकडं! धावत गेला आणि तिचा हात घट्ट धरला.

तसा कंदील विझला. काळाकुट्ट अंधार. आणि चकव्यानं आता तातोबाचा आवाज उचलला. तिच्या कानाशी, अगदी जवळ. "लावलं तुझ्या भावाला माघारी. पुन्हा आला तर पुन्हा लावीन. काय करशील? सोड हात. जा माहेरी, परत येऊ नकोस."

तातोबा ओरडायला बघतोय, हा मी न्हाई गं! पण गळ्यातनं आवाजच फुटंना. मुका झाला तो! गजराबाईची बोटं सैल पडायला लागली. सुटली असती तर संपलं होतं, दोघांचंही.

मग तातोबानं काय केलं? तिचा तळवा उचलला आणि आपल्या ओठांवर ठेवला. ओठ मिटलेले होते. आणि आवाज तर कानाशी चालूच होता, "सोड हात, सोड!"

तिला उमगलं. ओठांखाली दातांचा थरथराट लागत होता. गाल ओला होता. तिनं त्याच्या बोटांत बोटं गुंतवली आणि चालू लागली. चिमण्या वाट हुंगत पुढं, ही दोघं मागं. चकवा हाका मारतोय, रडतोय, हसतोय. ही बोलंनात. पण हे गप्प राहणं आता निराळं होतं. यात चकव्याला उचलायला काही नव्हतं.

एकाएकी, किर्रर्र! रातकिडे! घुंगुरमाळ खुळखुळली. खिंड संपली होती.

तातोबा मटकन खाली बसला. गळा मोकळा झाल्यावर पहिला शब्द काय निघाला? "चुकलं गं माझं. भावाला मी बोलायला नको होतं. आणि तुझ्यापासनं चोरायला तर अजिबात नको होतं."

गजराबाई म्हणाली, "पाणी प्या आधी. घसा बसलाय तुमचा." आणि मग ढसाढसा रडली.

उजाडल्यावर ती घरी गेलीच न्हाईत. चिमण्याचं तोंड फिरवलं आणि थेट तिच्या माहेरी. तातोबानं मेव्हण्याचे पाय धरले. मेव्हणा आधी रागानं बघत राहिला, मग म्हणाला, "दाजी, चहा घेता का?" झालं. मिटलं.

काय गं, काय म्हणालीस? पुन्हा भांडली न्हाईत? भांडली की! भरपूर भांडली. पण मोठ्यानं. सगळ्या आळीला ऐकू जायचं, आणि संध्याकाळपर्यंत मिटायचं.

म्हणून सांगतो, मुक्या खिंडीत रात्रीचं पाऊल टाकू नका. लांबची सडक बरी. आणि घरात कुणाशी अबोला असंल, तर आज निजायच्या आधी काहीतरी बोला. काही सुचलं न्हाई, तर निदान भांडा!