क्यूची जुनी टिप

जबाब, दि. २ ऑक्टोबर २०२५

मी मधुवंती अनंत सोनटक्के, वय ६३ वर्षे, सेवानिवृत्त शिक्षिका, राहणार रामदासपेठ, नागपूर. ठाण्यात स्वतः हजर राहून सांगते ती हकीकत अशी:

मी वरील पत्त्यावर एकटी राहते. माझे पती अनंत सहा वर्षांपूर्वी वारले. ते सीताबर्डीला गोविंदा यांच्या क्लबमध्ये पूल हा बिलियर्ड्ससारखा टेबलावरचा खेळ खेळत. दर रविवारी त्यांच्या शर्टाच्या खिशाला लागलेला खेळातला निळा खडू मी ब्रशने काढत असे. त्यांचा क्यू, म्हणजे पूल खेळण्याची लाकडी काठी, आता मी वापरते. क्यूच्या टोकाची चामड्याची टिप त्यांनी आजारपणाआधी स्वतः चिकटवून कानशीने गोल केली होती. ती आता दगडासारखी झाली असून चेंडूवरून घसरते. सगळे बदला म्हणतात. मी बदललेली नाही. तरीही मी बहुतेकांना हरवते.

काल खंडेनवमीला सकाळी अकरा वाजता आम्ही सहा खेळाडू आपापले क्यू घेऊन क्लबमध्ये जमलो. दरवर्षी या दिवशी टेबलावर क्यू मांडून पूजा होते. त्याआधी जो तो आपला क्यू मिरवतो. भैयाजी, वय ७१, यांनी आपला टेबलावर लोटला. "पाहा कसा घरंगळते! इतका सरळ माणूस दाखवा मले नागपुरात."

विक्की, वय ३४, बुटीबोरीला फिटर, याने माझा क्यू गालाशी लावला. "काकू, हा मले देऊन टाका. याच्यासाठी मी बायकोले सोडतो."

"अबे, तिले विचार तं खरं," भैयाजी म्हणाले. "ते आजच पेढे वाटते." सर्व हसले.

नंतर हळद-कुंकू वाहिले, पाणी शिंपडले. पूजेतले हत्यार दसऱ्यापर्यंत हलवायचे नाही, म्हणून क्यू टेबलावरच ठेवून आम्ही निघालो. विक्की सर्वांत शेवटी निघाला.

आज सकाळी दहा वाजता माझा क्यू जागेवर नव्हता. गोविंदा यांनी घाबरून "पूजेतलं हत्यार चोरीले गेलं" असा फोन केला. त्यामुळे पोलीस पाच मिनिटांत आले. हत्यार कोणते, ते मी समजावले. कालच्या बोलण्यावरून सर्वांनी विक्कीचे नाव घेतले. मी घेतले नाही. साडेबारा वाजता पोलिसांनी त्याला क्यूसह ठाण्यात आणले.

विक्की म्हणाला, "पाण्यानं टिप भिजली होती, काकू. तशीच राहिली असती तं उखडली असती. म्हणून घरी नेऊन नवी बसवली."

"मग सांगितलं का नाहीस?"

"पूजेतून उचलला म्हणून भैयाजी बोंबलले असते. अन् तुम्ही बदलू दिली नसती."

हे खरे आहे.

जुनी टिप कोठे आहे, असे मी विचारले. कचऱ्यात टाकली, सकाळी गाडी येऊन गेली, असे त्याने सांगितले. त्याबद्दल मला काही म्हणायचे नाही.

क्यू माझाच आहे, मी ओळखला. नुकसान झाले का, असे विचारले असता सांगते की, नाही. नवी टिप गोल व उत्तम बसवली आहे. माझी विक्कीविरुद्ध तक्रार नाही. त्याला आत्ताच घरी जाऊ द्यावे. डिंक पक्का व्हायला आणखी एक दिवस लागतो, तरी क्यू आज त्याच्याच ताब्यात द्यावा. उद्या पाच वाजता तो क्लबमध्ये आणून देईल. मी तेथे असेन.

हा जबाब मला वाचून दाखवला. मी सांगितले तेवढेच त्यात आहे व ते बरोबर आहे.