खोट्या साहेबाची खुर्ची

मंडळी, मागं उभे आहात त्यांनी पुढं येऊन बसा. मला बोलायची सवय नाही, शाळा पाचवीतच सुटली. अंबुजाबाई टीचर असत्या तर म्हणाल्या असत्या, ‘राव, आधी नाव सांगा, मग काम सांगा.’

तर मी तुक्कोजीराव, टीचरांचा शेजारी. कामही आहे. शेवटी सांगतो.

सरकारी कचेरीत कसं बोलावं, हे टीचर पोरांना शिकवायच्या. त्यासाठी एक साहेब लागायचा. दर शनिवारी मला ओसरीवर खुर्चीत बसवायच्या. मी साहेब! कचेरीची पायरी बघून ज्याला घाम फुटतो, तो साहेब!

पोरं येऊन म्हणायची, ‘सार, शाळेजवळच्या कालव्याच्या पुलाला कठडा नाही.’ मी लगेच म्हणायचो, ‘बांधू, बाळांनो, आजच बांधू.’ टीचर ओरडायच्या, ‘राव, असा कुठं साहेब असतो? तमिळमध्ये नाळै वांग म्हणा, म्हणजे उद्या या! कपाळाला आठ्या घाला!’ आठ्या काय, जन्मापासूनच आहेत. तरी म्हटलं, ‘नाळै वांग.’

तेव्हा ही समोर बसलेली मीनाक्षी, एवढीशी, म्हणाली, ‘बरं सार. उद्या किती वाजता? आणि सार, तुमचं नाव काय?’

मी घाबरून खुर्चीतून उठलोच! टीचर हसत हसत खांबाला टेकल्या. म्हणाल्या, ‘साहेब उठला राव! पोरगी तयार झाली.’

मंडळी, या सोमवारी त्या कठड्यासाठी खऱ्या साहेबानं पोरांना बोलावलंय. टीचर नेणार होत्या. टीचर गेल्या. आता तुम्ही म्हणता, कशाला पाठवायचं? साहेब रागावला तर? मलाही तीच भीती. मला कशाची भीती वाटत नाही? पण त्या पुलाची जास्त वाटते. कालव्याला पाणी सुटलं की शेवटचं पोर पलीकडे जाईपर्यंत आम्ही दोघं आपापल्या दारात उभे असायचो. आता त्यांचं दार बंद आहे.

म्हणून सोमवारी मी जाणार. बोलतील पोरंच. मी मागं उभा राहीन, घाम पुसत. पाठवा त्यांना. हेच माझं काम.

टीचरांच्या वर्गात नियम होता, एक बोलत असेल तेव्हा बाकीच्यांनी गप्प राहायचं. आज बोलायची पाळी टीचरांची. उभे राहू या. गप्प राहू या. आणि जे पोरांना पाठवणार आहेत, त्यांनी वर्गात करतात तसा हात वर करा.

मी डोळे मिटतो. मला बघायची भीती वाटते.

टीचर बघतील.