किल्ल्याच्या फळीवर रंधा

हॅलो?… हो, सावाकोच. कोण, तोकुजी काका?… बोला ना, हात शाईने भरलेत, फोन खांद्याला धरलाय… बाबा? नाहीत हो घरी. न्हाव्याकडे जातो म्हणाले…

तुमच्याकडे आलेत?… फळ्या घेऊन? कसल्या फळ्या?

थांबा, थांबा काका. डोंगर आणि किल्ल्याच्या छापाच्या?… अहो, एकोणीस वर्षं घर चाललंय त्या चित्रावर! रंधा मारायला?… किती झाल्या?… सहा? म्हणजे एकेका रंगाची एकेक, सगळ्याच गेल्या… आणि काळ्या रेषांची?… राहिलीय! तिला हात लावू नका, तुम्हाला शपथ आहे. हो, हो, फोन केलात ते बरं केलंत, पण सहा गुळगुळीत करून मग केलात!

ठाऊक आहे मला. चेरीचं लाकूड महाग, जुनं कोरलेलं तासून परत वापरायचं. कोरक्याचीच पोर आहे मी. पण ही फळी?… त्या बुरुजाचं एकेक कौल बाबांनी कोरलंय. लकवा झाल्यापासून उजव्या हातात चमचा राहत नाही त्यांच्या. पुन्हा कुठून कोरणार हो ते?…

म्हणून? म्हणून काय?… आता आडपडदा नको काका, काय म्हणाले ते सांगा… "ही फळी घरात आहे तोवर पोरगी माझाच किल्ला छापत बसेल"… असं म्हणाले?… मग काय करू? दुकानदार तोच मागतो. नव्या वर्षाचे कागद भिजवून ठेवलेत इथे…

माझं चित्र? कुठलं?… छे, मी कुठं… बरं, काढलंय एक. तांदळाच्या डब्यामागे होतं… ते घेऊन आलेत? तिथे?… अगं बाई! मासळीबाजाराकडून दिसणारा किल्ला आहे तो. डोंगर सगळा ढगात. हसले असतील… नाही?…

फळीवर ठेवून मापतायत?… डाव्या हाताने…

… रडत नाहीये. शाई गेली डोळ्यात.

बसतंय मापात?… बोटभर फळी उरते? उरू दे, कोरताना ढग वाढवीन…

काका… मारा रंधा… हो, शुद्धीवर आहे. पण आधी बाबांना बाहेर चहाला बसवा. बघवणार नाही त्यांना…

काय?… फळी स्वतः धरणार म्हणतायत?…

मग धरू द्या. ठेवते मी.