स्वखुशीचा राजीनामा

साओ पाउलोतल्या नोटरीच्या रांगेत झुल्मिराबाई आपल्या कामासाठी उभ्या होत्या. त्यांच्या पुढे एका फुटबॉल क्लबचे सेक्रेटरी आणि त्यांचा कोच एवाल्दीर; दोघांचं बोलणं बाईंच्या कानावर पडत होतं.

“‘स्वखुशीने सोडतोय’ असं लिहा, गुरुजी,” सेक्रेटरी कोचला म्हणाले.

“काढताय तुम्ही. मग सरळ हाकला ना!”

“लीगच्या नियमाने हंगामात एकाच कोचला काढता येतं; राजीनामा मोजत नाहीत. तो मार्चमध्ये काढून झाला.”

“आणि नाही लिहिलं तर?”

“तर राहा कोच, कागदावर. मैदानाचं फाटक उघडणार नाही. बसा घरी गंजत.”

एवाल्दीरने लिहून सही केली. खिडकीतून शिक्का बसला.

“दारात उभाय तो कोण?” एवाल्दीरने विचारलं.

“नवा कोच.”

“त्याला इथे कशाला आणलंत?”

“नेमणुकीच्या कागदाबरोबर त्याच्या राजीनाम्यावरही आजच सही घेतो. तारीख नि शिक्का मागाहून टाकू. तुमच्या वेळी विसरलो, गुरुजी.”