कागदाचा देश

(वर्ग सुटला आहे. बाकांवर, जमिनीवर कागदाचे कपटे. प्राध्यापक बाई आणि पहिल्या वर्षाची एक विद्यार्थिनी.)

— म्हणजे आंतरराष्ट्रीय व्यापार सोडून अकाउंट्स घेणार? एका खेळावरून?

— हो बाई. तुमची परवानगी लागते, म्हणून थांबले.

— अगं, खेळच तो! पाच टेबलं, पाच देश. कुणाला कात्र्या, कुणाला नुसता कागद. देवाणघेवाण करा, चौकोन बनवा, बँकेला, म्हणजे मला, विका. माझे केस काळे होते तेव्हापासून खेळवतेय. जुनी पोरं अजून रस्त्यात गाठून विचारतात, बाई, तुमची बँक तशीच खडूस आहे का?

— आहे.

— बरं बाई, आहे! काय केलं बँकेनं?

— आमच्या देशाकडे फक्त कागद. कात्री मागितली तर शेजारच्या टेबलानं निम्मा कागद मागितला. मग आम्ही घडी घालून, नखानं दाबून चौकोन फाडले. अगदी सरळ. तुम्ही हातातसुद्धा घेतले नाहीत. ‘कडा कापलेलीच हवी’ म्हणालात आणि सगळा ढीग टोपलीत.

— नियमच होता तसा.

— फळ्यावर नव्हता. तुम्ही तेव्हाच केलात.

— ...केला खरा. पोरं हसायला लागली की मलाही चेव येतो.

— माझी आई घरी पिशव्या शिवते. परदेशात जातात त्या. मागच्या महिन्यात सगळा माल परत आला. टाका तोच, धागा तोच. तिकडे कुणीतरी नवा नियम काढला होता. आई त्या गठ्ठ्यांकडे पाठ करून जेवली.

— आणि मी आज शेवटी फळ्यावर बेरीज मांडून टाळ्या वाजवल्या.

— ‘व्यापारानं सगळ्यांचंच वाढलं’ म्हणालात.

— बेरीज चुकली नव्हती गं. एकूण वाढलंच होतं.

— हो. आमचं टेबल सोडून.

— ...बस जरा. उभ्या उभ्या भांडू नकोस.

— भांडत नाहीये.

— भांड की! तिकडे अकाउंट्सला कुणाशी भांडशील? त्या सरांना तर ऐकूच कमी येतं. हां, हसलीस. हे बघ, नियम कोण करतं आणि कुणाच्या सोयीनं, हा या विषयाचा अर्धा भाग आहे. तो मी पुढच्या सत्रावर ढकलते. तोवर निम्मी पोरं पहिल्याच अर्ध्यावर खूश होऊन बसलेली असतात. उद्याचा तास तू घे.

— मी? मी काय शिकवणार?

— आत्ता मला सुनावलंस तेच.

— आईचं नाही सांगणार.

— नकोच सांगूस. ते तुझं. टेबलाचं सांग.

— सगळे हसले तर?

— हसतील थोडा वेळ. माझ्या पहिल्या तासाला मी फळ्याकडे तोंड करूनच सगळं शिकवलं होतं. कुणी मेलं नाही.

— आणि परवानगी?

— तास झाल्यावर माग. तेव्हाही हवी असली, तर मुकाट्यानं देईन.

— तुम्ही कुठे बसाल?

— तुमच्या टेबलाशी.

— मध्येच बोलणार नाही ना?

— नाही. अगदीच राहवलं नाही, तर हात वर करीन.